पाट्याचा दगड, विहिरीचे पाणी



गेल्या उन्हाळ्यात मावळातल्या नवलाख उंबऱ्याला एका ओळखीच्या घरी जाणे झाले. तळेगाव दाभाड्याहून निघाले की त्या अंगाला आता कारखान्यांच्या भिंतीच भिंती लागतात. त्या मागे टाकून वस्तीवर पोचलो, तर घरधनी डोक्याला हात लावून बसलेला. समोर राखेसारख्या करड्या भुकटीचा ढीग.

"काय झालं रे?"

"काय व्हायचंय मास्तर! काल बोअर मारलं. दोनशे फूट गेलं, पाण्याचा थेंब न्हाई. निसती धूळ उडाली. विहीर हाय, पर चैत सरला का तळ दिसतोय. आता गाडीवाला म्हंतोय, अजून शंभर फूट मारू. काय करावं?"

ओसरीवर त्याची आई पाट्यावर मिरची वाटत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "म्या पयलंच म्हनलं हुतं, खाली काळा फत्तर हाय. येक वेळ माझ्या ह्या पाट्याला पाझर फुटंल, पर त्याला न्हाई फुटायचा."

मंडळी, आजी रागाने बोलली, पण बोलली ते शास्त्राला धरून. अंगणातली भुकटी आणि तिचा पाटा हा एकच दगड होता. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो. बी घेताना दाणा दाताखाली धरतो. पण ज्या दगडात आयुष्याची शिल्लक ओततो, त्याची पारख मात्र गाडीवाल्यावर सोपवतो. म्हणून आज दगडाची ओळख करून घेऊ. त्यासाठी लांब जायला नको, घरापासूनच सुरुवात करू.

घरातली तीन घराणी

जगातले सगळे दगड तीन घराण्यांतले. पहिले घराणे अग्निजन्य, म्हणजे तापलेला रस थंड होऊन झालेले. दुसरे गाळाचे, म्हणजे पाण्याच्या तळाशी थरावर थर साचून घट्ट झालेले. तिसरे रूपांतरित, म्हणजे आधीचाच दगड जमिनीच्या पोटात दाबाने आणि उष्णतेने पालटून झालेले.

ही तिन्ही घराणी बहुतेक तुमच्या घरात नांदत असतील. पाटा, वरवंटा, जाते आणि उखळ हे पहिल्या घराण्यातले. आपल्या भागात ते काळ्या पाषाणाचे असतात. शास्त्रात त्याला बेसाल्ट म्हणतात. अंगणातली शहाबादी फरशी आणि मोरीचा कडप्पा हे दुसऱ्या घराण्यातले. दोन्ही चुनखडक, एक कर्नाटकातून आलेला तर दुसरा आंध्रातून. फार प्राचीन काळी तिथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी ते साचले. म्हणून तर ते पाटीसारखे पातळ आणि सपाट निघतात. देवळातली संगमरवरी मूर्ती तिसऱ्या घराण्यातली. चुनखडकच जमिनीखाली भाजून आणि दाबून निघाला की त्याचा संगमरवर होतो. तुम्ही ज्या दगडी पाटीवर अक्षरे गिरवलीत, तीही याच घराण्यातली. चिखलाचा दगड दाबाखाली पालटून ती झाली.

यांची परीक्षा बायकांना ठाऊकच आहे. कडप्प्यावर लिंबू सांडले की डाग पडतो. संगमरवरावर तर पडतोच पडतो. पाट्यावर मात्र रोज लिंबू पिळा, त्याला काही होत नाही. याचे कारण चुना आंबटाने विरघळतो. लिंबाच्या रसाचे दोन थेंब दगडाच्या ताज्या फुटीवर टाका. बारीक बुडबुडे आले तर त्यात चुना आहे असे समजा. शेतातल्या चुनखडीच्या गोट्यांवरही हे करून पाहा. मुलांना मोठी मौज वाटेल.

आता दुसरी परीक्षा, ती दाण्याची. हल्लीच्या स्वयंपाकघरात ठिपक्याठिपक्यांचा ग्रॅनाइटचा ओटा असतो. त्यात पांढरे, करडे, गुलाबी दाणे डोळ्यांनी वेगळे दिसतात. पाट्याच्या फुटीत मात्र दाणा असा दिसतच नाही. दोघेही अग्निजन्य, मग हा फरक का? साखरेच्या पाकावरून सांगतो. पाक संथपणे निवू दिला तर त्याची खडीसाखर होते, मोठमोठे खडे धरतात. तोच पाक ताटावर ओतून झटकन गार केला तर चिक्की होते, तिला दाणा नसतो. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात खोलवर लाखो वर्षे निवत राहिला. बेसाल्ट जमिनीवर येऊन उघड्या हवेत लवकर निवला. पाटा असा चिवट आणि घट्ट असतो तो त्या बारीक, एकमेकांत गुंतलेल्या दाण्यांमुळे. वाटून वाटून तो गुळगुळीत होतो, म्हणून तर त्याला पुन्हा टाकी मारून घ्यावी लागते.

डोंगराच्या पायऱ्या

हा रस आला कुठून? मावळात ज्वालामुखीचे शिखर कुठे दिसत नाही, असे पुष्कळजण विचारतात. शिखरातून नव्हे, तो भेगांतून आला. वैशाखात काळे रान जसे उलते, तशी इथली जमीन सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी उलली आणि त्या भेगांतून तप्त रस वर येऊन चहूकडे पसरला. हे एकदा झाले नाही. एक थर निवला, मध्ये काही काळ गेला, मग त्यावर दुसरा आला. तव्यावरून काढलेली घावने एकावर एक ठेवत जावीत तसे थर चढत गेले. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलखावर हा दगड पसरलेला आहे. कोयना भागात शास्त्रज्ञांनी खोल भोक घेतले, तेव्हा ९३३ मीटर बेसाल्ट संपल्यावर खाली जुना ग्रॅनाइटचा पाया लागला. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर असेच भोक घेतले, तिथे हा थर ३३८ मीटर भरला. आपल्या गावाखाली किती अफाट दगड आहे, याचा यावरून अंदाज करा.

लोहगड, विसापूर किंवा आपल्या इंदोरीजवळचा भंडारा डोंगर लांबून निरखून पाहा. एक उभा कडा, मग उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार, अशी रचना दिसेल. जिथे कडा आहे तिथे कठीण थर. जिथे उतार आहे, झाडोरा आहे, तिथे मऊ थर. अशा पायऱ्या पाहूनच या दगडाला 'ट्रॅप' म्हणू लागले. स्वीडिश भाषेत त्या शब्दाचा अर्थच जिना असा आहे. कार्ले, भाजे, बेडसे इथली लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याच दगडात कोरली गेली. एवढे उंच छत खांबांसकट अखंड दगडातून काढायचे, म्हणजे दगडाची जाण हवीच. त्या पाथरवटांपाशी ती होती.

एका थरात चार दगड

आता विहिरीकडे वळू. आपल्याकडे विहीर खणताना मुख्यतः चार प्रकार लागतात. ते नीट ओळखले की निम्मे काम झाले.

पहिला काळा पाषाण. हा थराच्या मधल्या भागातला. वजनाला जड, ताजी फूट काळी करडी आणि कडा धारदार. घण मारला की खणखणीत वाजतो. दगडाच्या अंगात पाणी मुळीच नसते. पण निवताना हा आकसतो आणि तळ्यातला गाळ सुकल्यावर तडकावा तसा उभा तडकतो. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशाच उभ्या खांबांची झालेली आहे. पाणी असलेच तर त्या भेगांत असते. भेगेची कड तांबूस, गंजल्यासारखी असेल तर तिथून पाणी ये-जा करते असे समजा. भेग नसेल किंवा घट्ट मिटलेली असेल तर आजीचे म्हणणे खरे.

दुसरा मांजऱ्या. हा थराच्या वरच्या भागातला. आंबोळी तव्यावर टाकली की वर जाळी पडते, कारण आतली हवा वर येते. तप्त रसातली वाफही अशीच वर आली आणि बुडबुडे तसेच गोठले. पुढे पाण्याबरोबर आलेल्या क्षारांनी ती भोके भरली. म्हणून या करड्या, तांबूस नाही तर हिरवट दगडात पांढरे ठिपके दिसतात. घणाचा आवाज बद्द येतो. इथे एक फसगत होते. भोके दिसली की माणसाला वाटते, आत पाणी असणार. पण ती भोके एकमेकांना जोडलेली नसतात आणि बहुतेक बुजलेली असतात. ताजा, घट्ट मांजऱ्या फारसे पाणी देत नाही. तोच झिजून, कुजून मऊ झाला असेल तर मात्र चांगले पाणी धरतो.

तिसरा गेरू. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी विटकरी रंगाचा पट्टा लागतो. एक थर निवल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात वरचा भाग झिजून माती झाली. मग नव्या तप्त थराने ती वीटभट्टीसारखी भाजून काढली. हा चिकट पट्टा पाणी सहसा खाली जाऊ देत नाही. म्हणून पाणी त्याच्या माथ्यावर साचते. डोंगराच्या कुशीत पावसाळ्यानंतरही जिथे पाझर टिकतो, तिथे खाली पुष्कळदा असाच पट्टा सापडतो. पण हा भिजला की सुटतो आणि ढासळतो. विहिरीत गेरू उघडा पडला असेल तर तेवढा भाग बांधून घ्यावा.

चौथा मुरूम. हा काही वेगळा दगड नव्हे, वरच्यांपैकीच कुणीतरी ऊन, पाऊस आणि हवेने कुजलेला. मुरमात गोल धोंडे लागतात आणि कांद्याच्या पाकळ्या निघाव्यात तसे त्यांचे पापुद्रे सुटतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. दगड चौकोनी भेगांतून कुजू लागतो. कोपरे आधी झिजतात आणि आतला गाभा गोल उरतो. मुरूम आणखी कुजला की माती. आपली काळी माती ही या काळ्या पाषाणाचीच लेक. आपल्या उथळ विहिरींचे पाणी मुख्यतः या मुरमात आणि त्याच्या खालच्या तडकलेल्या दगडात असते. जितका मुरूम जाड, तितकी विहीर भाग्यवान.

विहिरीची भिंत वाचा

एवढे ध्यानात ठेवून आम्ही त्या विहिरीत उतरलो. कमरेला दोर, वर दोन माणसे. वरून सुमारे दोन पुरुष मुरूम. त्याखाली कुजका मांजऱ्या. मग हातभर रुंद तांबडा पट्टा, त्याच्या माथ्यावर दगड ओलसर आणि शेवाळलेला. पट्ट्याखाली तळापर्यंत काळा पाषाण, भेगा घट्ट मिटलेल्या, भिंत खडखडीत कोरडी.

वर येऊन मी म्हणालो, "अरे, सगळी हकीगत भिंतीवरच लिहिलेली आहे. पाणी गेरूच्या डोक्यावरून येतंय. तू ते खाली शोधतोस."

आजी म्हणाली, "आमच्या मामंजींनी विहीर खांदली तवा गडी म्हनले हुते, गेरूच्या वर पानी. आता म्हातारीचं कोन ऐकतंय?"

आणखी शंभर फूट मारण्याचा बेत रहित झाला. त्याऐवजी विहिरीतला गाळ काढला, गेरूचा पट्टा बांधून घेतला आणि त्याच्या माथ्यावर मांजऱ्यात, चढाच्या बाजूला, दोन आडवी बोअरं घेतली. चमत्कार झाला असे मी सांगणार नाही. पण यंदा वैशाखातही गुरांना आणि भाजीच्या दोन वाफ्यांना पाणी पुरले. खोल जायला जेवढे पैसे लागले असते त्याहून कमी खर्च आला. काल गेलेले दोनशे फुटांचे पैसे मात्र परत येणार नव्हते. तेवढी शिकवणीची फी पडली.

कुणी म्हणेल, अमक्याला तीनशे फुटांवर पाणी लागलेच की! लागते कधीकधी. खाली दोन थरांच्या सांध्यात किंवा एखाद्या तडकलेल्या पट्ट्यात पाणी असते. पण लागलेली बोअरं गावभर सांगितली जातात, कोरडी गेलेली कुणी सांगत नाही. शिवाय खोलातले पाणी एकदा उपसले की परत भरायला फार वर्षे लागतात. म्हणून तर महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फूट, ही खोल विहिरीची मर्यादा मानली आहे.

तुम्ही काय करावे?

विहीर किंवा बोअर घेण्याआधी या गोष्टी करा.

भर मे महिन्यात शेजारच्या चार विहिरी पाहून या. पाणी किती खाली आहे आणि भिंतीत कोणता दगड किती फुटांवर आहे, ते वहीत मांडा. दगडाचे थर आपल्याकडे जवळजवळ आडवे असल्याने शेजाऱ्याची भिंत तुमच्या रानाचीही हकीगत पुष्कळशी सांगते. फक्त जमिनीचा चढ-उतार हिशेबात धरा.

रस्त्यासाठी कापलेली दरड आणि ओढ्याचा काठ पाहा. तिथे निसर्गाने आणि यंत्राने फुकट खड्डा खणून ठेवलेला असतो. खडीच्या खाणीत मात्र मुलांना पाठवू नका. तिथले कडे कच्चे असतात आणि सुरुंग चालतात.

माथ्यावरची जागा टाळा, सखल आणि जाड मुरमाची धरा. कुठे कुठे पाषाणाची एखादी उभी भिंत जमिनीतून आडवी गेलेली असते. तिला डाइक म्हणतात. जुन्या थरांना चिरून वर आलेला रस तिथेच गोठून ती होते. ती अखंड असेल तर बांधासारखी पाणी अडवते. अशा वेळी चढाकडची बाजू धरावी.

शेततळे आणि पाझर तलाव यांत गल्लत करू नका. पाणी वर साठवून ठेवायचे असेल तर तळाला अखंड दगड किंवा चिकण माती हवी. पाणी जिरवून विहिरी भरायच्या असतील तर मुरूम नाही तर तडकलेला दगड हवा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून, माती वाहून लोकांनी पाझर तलाव बांधले. ज्याच्या पोटात मुरूम होता, तो खालच्या विहिरींना उपयोगी पडला. ज्याच्या पोटात कातळ होता, त्यातले पाणी बरेचसे उन्हाने नेले. कष्ट दोघांनी सारखेच केले होते.

उंबर असेल तिथे पाणी, असे जुनी माणसे म्हणतात. नवलाख उंबऱ्याच्या तर नावातच उंबर ऐकू येतो. वराहमिहिराने बृहत्संहितेत झाडांवरून भूजल ओळखण्याची मोठी यादी दिली आहे. झाड ही ओलीची खूण असू शकते, हमी नव्हे. तळहातावर नारळ उभा राहतो तो मात्र दगडाला विचारून राहत नाही. त्याला दक्षिणा देण्यापेक्षा शासनाच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात अर्ज द्या. १९७२ पासून ही यंत्रणा काम करते आहे आणि ठरावीक निरीक्षण विहिरींचे पाणी वर्षातून चार वेळा मोजून ठेवते.

एक गोष्ट लक्षात असू द्या. हे सारे काळ्या पाषाणाच्या मुलखाचे सांगितले. कोकणातला जांभा, नांदेडकडचा ग्रॅनाइट, चंद्रपूरकडचे वाळूचे दगड आणि चुनखडक यांची तऱ्हा वेगळी. तिथल्या वाचकांनी आपल्या दगडाला आपल्या परीने पारखावे. त्याविषयी पुन्हा कधीतरी लिहीन.

मुलांसाठी

या रविवारी घराच्या आसपासचे सात दगड गोळा करा. प्रत्येक फोडून ताजी फूट पाहा. फोडताना डोळे सांभाळा, दगडावर गोणपाट टाकूनच घाव घाला. नंतर सुरीने ओरखडा, लिंबू टाका, हातात तोला आणि वहीत लिहा. पांढरा चमकदार खडा सापडला तर त्यावर सुरी चालवा. सुरी घसरली आणि खड्याला काही झाले नाही तर ती गारगोटी. ओरखडा उठला आणि लिंबाने फसफसला तर कॅल्साइट. ओरखडा उठूनही फसफसला नाही तर तो बहुधा झिओलाइट, मांजऱ्याच्या भोकात भरलेला तोच. असले खडे पुणे जिल्ह्यातल्या खाणींतून इतके देखणे निघतात की जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसले आहेत.

आणि हे करताना आजीला शेजारी बसवा. विहीर खणली तेव्हा काय लागले होते, हे तिला विचारा आणि तिच्यासमोरच वहीत लिहा. थर किती फुटांवर होता, पाणी कुठल्या कोपऱ्यातून आले, गडी काय म्हणाले, सगळे लिहा. ते दुसऱ्या कुठल्याही कागदावर नाही. नवलाख उंबऱ्याच्या त्या घरात ते कुणी लिहून ठेवले असते, तर दोनशे फूट दगड फुकट फोडावा लागला नसता.